गोदावरीवरची ब्रिटिशांची बोटींची योजना: नाशिकपर्यंत येणार होती का, आणि १८७१ ला सोडून का दिली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही वाचलंत की २०१६ च्या कायद्यात गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ४ मध्ये घातलाय. शिवाय कुठेतरी ऐकलंत की ब्रिटिशांनीही गोदावरीतून बोटी वर आणायला कालवे खोदायला घेतले होते आणि रेल्वे कंपनीच्या दबावामुळे १८७१ ला ते सोडून दिले. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलात तेव्हा तिथलं जुनं दगडी बांधकाम आणि दरवाजे दाखवून एकाने सांगितलं की हे त्याच योजनेचं. आता तुमचे प्रश्न तीन: हे खरं का, सोडलं का, आणि आता परत होऊ शकतं का.

मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय, नोकरीतली बरीच वर्षं गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर गेली, आणि या जुन्या योजनेचा नाद मला तिथेच लागला. आंध्रातलं धवळेश्वरम आणि गडचिरोलीतला सिरोंचाकडचा भाग स्वतः जाऊन पाहिलाय. त्यामुळे जे सांगतोय ते अर्धं वाचलेलं आणि अर्धं पाण्यावर काम करून कळलेलं आहे.

योजना शंभर टक्के खरी होती. १८७१ ला ती सोडून दिली हेही खरं. पण ती नाशिकला येणार नव्हती, आणि नांदूरमध्यमेश्वरच्या दगडांचा तिच्याशी काही संबंध नाही. रेल्वेमुळे बुडाली हे अर्धं उत्तर आहे, आणि माझ्या मते दुसरं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. कुठलाही सोडलेला कालवा बघताना लोक विचारतात की कोणी बंद पाडला. मी आधी हे विचारतो की ज्या महिन्यात माल तयार होता त्या महिन्यात पाणी होतं का. गोदावरीच्या बाबतीत सगळी गोष्ट या प्रश्नाभोवती फिरते.

आधी जागा समजून घ्या. आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि ती आपल्या दारातून निघते म्हणून आपल्याला वाटतं की हीच मुख्य नदी. पण पाण्याच्या हिशोबात तसं नाहीये. त्र्यंबकहून निघून नाशिक, पैठण, नांदेड करत नदी पार सिरोंचाला पोचते, तिथे उत्तरेकडून प्राणहिता येऊन मिळते, आणि प्राणहिता म्हणजे वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या सगळ्यांचं पाणी. गोदावरीच्या पूर्ण खोऱ्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. त्याच्या थोडं खाली इंद्रावती येते, बस्तरचं पाणी घेऊन. म्हणजे नाशिक-नगर-मराठवाड्याच्या पर्जन्यछायेतून आलेली नदी सिरोंचाच्या पुढे एकदम वेगळीच नदी होते. ब्रिटिशांनी नजर ठेवली ती या खालच्या नदीवर. समुद्राकडून वर यायचं, सिरोंचाला मुख्य गोदावरी सोडायची, प्राणहितेत शिरायचं आणि वर्धा नदीने वर जाऊन हिंगणघाट, चांदा (आजचं चंद्रपूर), वऱ्हाड, नागपूर या कापसाच्या मुलखाला भिडायचं, असा तो मार्ग होता. नाशिक त्या नकाशात एका कोपऱ्यात आहे, ज्या कोपऱ्यात पाणीच कमी.

आता हे डोक्यात आलं कसं. सर आर्थर कॉटन हा मद्रासकडचा इंजिनियर, त्याने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. साधारण सव्वादोन मैल बांधकाम, १२ फूट उंची, आणि त्यातून निघालेले कालवे नुसते सिंचनाचे नाही, बोटी चालणारेही. दुष्काळात होरपळलेला तो डेल्टा, म्हणजे नदीच्या मुखाकडचा सपाट त्रिभुज प्रदेश, या कामाने भाताचं कोठार झाला, आणि तिथल्या घरांमध्ये आजही कॉटनचा फोटो लावलेला दिसतो, त्यात काही अतिशयोक्ती नाही. इतकं मोठं यश हाती आल्यावर माणसाला पुढचं दिसायला लागतं. नागपूर संस्थान १८५४ ला खालसा झालेलं, वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला, कापूस तिथे भरपूर आणि तो बाहेर न्यायला रस्ता नाही. बैलगाड्यांचे आणि लमाणांच्या बैलांचे तांडे महिनोन्महिने चालत मुंबईला किंवा मिर्झापूरला जायचे, वाटेत माल भिजायचा, धूळ बसायची. मग कॉटनचं म्हणणं असं की नदी आहेच, तिच्यातून कापूस खाली समुद्रावरच्या काकीनाडा बंदराला न्या आणि परत येताना किनाऱ्यावरचं मीठ वर आणा. जाताना आणि येताना दोन्हीकडे माल, वाहतुकीच्या धंद्यात याहून चांगलं काय पाहिजे!

कॅप्टन हेग नावाच्या इंजिनियरने नदीची पाहणी करून १८५६ ला रिपोर्ट दिला. १८६० मध्ये निजामाशी नवा तह झाला, त्यात गोदावरीच्या डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरच्या मालाला जकात लागणार नाही असं ठरलं. सिरोंचा हे ठिकाण मुख्यालय करून अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाच काढला. म्हणजे नुसतं कागदावरचं स्वप्न नव्हतं, त्यासाठी तह केले, जिल्हा काढला. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, तोही या योजनेच्या बाजूने होता आणि त्याने स्वतः यावर रिपोर्ट लिहिलाय.

अडचण होती खडकाची. डेल्टातून वर निघालं की पापीकोंडलूची खिंड लागते, तिथे पाणी खोल आहे, बोट जाते. पण पुढे भद्राचलमच्या वर दुम्मुगुडेमला नदी कातळावर चढते, मैलोन्मैल धोंडे आणि धारा. हा पहिला अडथळा. दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या परिसरात इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर, आत्ताच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. म्हणजे तिसरा अडथळा तर आज आपल्या महाराष्ट्रातच आहे. या तीन जागी नदीत बंधारा घालून पाणी तुंबवायचं, काठाने बाजूचा कालवा काढायचा, आणि त्यात लॉक बसवून बोट खडकाला वळसा घालून वर न्यायची, असं काम होतं.

लॉक ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. कालव्यात एक लांबट दगडी हौद असतो, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. बोट खालून हौदात येते, मागचा दरवाजा लावतात, वरच्या दरवाज्यातल्या छोट्या झडपा उघडतात, हौद वरच्या लेव्हलपर्यंत भरतो, पाण्याबरोबर बोट उचलली जाते, मग वरचा दरवाजा उघडून बोट पुढे. दरवाज्याची दोन पानं सरळ रेषेत बंद होत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून थोडा कोन धरतात, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट दाबून ठेवतो. पंप नको, यंत्र नको, पण एक गोष्ट पाहिजेच पाहिजे. प्रत्येक बोटीमागे एक हौदभर पाणी वरून खाली जातं, तेव्हा वर पाणी असलं पाहिजे, आणि हौदाच्या आधी-नंतरच्या नदीत बोट तळाला न टेकता तरंगेल एवढं तरी खोल पाणी बारा महिने पाहिजे.

इथेच माझ्या मते खरी चूक आहे, आणि ती खडक फोडण्याची नाहीये. खडक फुटतो. पैसे आणि सुरुंग असले की फुटतो. महिना मात्र बदलता येत नाही.

तुम्ही वऱ्हाडातला कुठलाही शेतकरी विचारा. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, फेब्रुवारीपर्यंत चालते, मग सरकी काढायची, गासड्या बांधायच्या. म्हणजे माल हातात येतो डिसेंबर ते मार्च. आणि नदी? वरची गोदावरी-प्राणहिता जून-जुलैला चढते आणि नोव्हेंबरनंतर भराभर उतरते. जानेवारीत वाळूचे पट्टे उघडे पडतात, मार्चमध्ये लोक पायी पार करतात. म्हणजे कापूस तयार होतो तेव्हा पाणी संपलेलं, आणि पाणी येतं तेव्हा कापूस कधीच विकून झालेला. तो पुढच्या पावसापर्यंत ठेवायचा म्हटलं तर गोदाम पाहिजे, त्यात व्यापाऱ्याचे पैसे सहा महिने अडकणार, व्याज चढणार, उंदीर आणि आग यांची भीती वेगळी. आणि पाऊस आला की परत दुसरी अडचण, पूर. भद्राचलमला आज पहिला इशारा ४३ फुटांवर देतात, तिसरा ५३ ला, आणि १९८६ च्या पुरात पाणी ७५.६ फुटांवर गेलं होतं, २०२२ च्या जुलैमध्ये ७१.३. नाशिकला आपण पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला, आणि गळ्याशी आलं की सराफ बाजाराकडचे दुकानदार शटर उचलून माल हलवायला लागतात. तो पूर भद्राचलमच्या पुरापुढे काहीच नाही. अशा पुरात भरलेली बोट खाली जाईल, जाईलच, पण ती वर कोण ओढणार. युरोपात कालव्याच्या काठाने घोडा चालायची वाट असते. इथे पात्र एक-दीड किलोमीटर रुंद, काठाला जंगल, वाट बांधली तरी एका पुरात वाहून जाणारी. म्हणून वाफेच्या उथळ बोटी आणायचं चाललं होतं, पण वाफेच्या बोटीलाही ठराविक खोली लागतेच.

याउलट सागवान बघा. अहेरी-सिरोंचाच्या जंगलातलं सागवान तराफे बांधून राजमहेंद्रीला जायचं, आणि ते व्यवस्थित पोचायचं, कारण लाकूड पावसाची वाट बघत काठावर पडून राहिलं तरी खराब होत नाही, धोंड्यावर आपटलं तरी फुटत नाही, आणि त्याला परत वर यायचं नसतं. नदी ज्या मालाला सोसते तो माल तिने नेला. कापूस तसा माल नव्हता.

कॉटन आणि हेग यांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही, ती मोठी माणसं होती. यावर उपाय एकच, वरच्या नद्यांवर मोठे साठे करून पावसाचं पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडायचं. आज आपण गंगापूर, दारणा, जायकवाडीतून आवर्तनं सोडतो तेच तत्त्व. पण १८६० च्या दशकात वर्धा-वैनगंगेवर तेवढे साठे उभे करणं म्हणजे मूळ कामापेक्षा मोठं काम. धवळेश्वरमला हे सगळं लागलं नाही कारण तिथे जमीन सपाट, उतार नगण्य, आणि कालव्यात पाणी संथ. मी तरुण इंजिनियरांना नेहमी हेच सांगायचो की सिंचनाच्या कालव्याला पाणी पुढे सरकलेलं पाहिजे आणि बोटीच्या कालव्याला पाणी थांबलेलं पाहिजे, दोन्ही एकाच पाटात बसवायचं तर जमीनच तशी सपाट असावी लागते. उत्तरेत गंगेचा मोठा कालवा १८५४ ला सुरू झाला, कॉटली नावाच्या दुसऱ्या इंजिनियरने काढलेला, त्यात उतार जास्त पडला आणि बोटींना वर जाणं अवघड झालं, यावरून खुद्द कॉटननेच कॉटलीवर जोरदार टीका केली होती. म्हणजे उताराचा मुद्दा कॉटनला पक्का माहीत होता. तरीपण डेल्टात जे जमलं ते कातळातही जमेल यावर त्याचा विश्वास होता. यशस्वी कामाचा अनुभव दुसऱ्या जमिनीवर नेताना सगळ्यांचंच असं होतं, आपल्याकडेही विदर्भातल्या मातीचं डिझाईन कोकणात नेऊन लावलेलं मी पाहिलंय.

आता रेल्वेकडे येतो, कारण तुमचा रोख तिकडे होता. दबाव होता का, तर कंपन्यांना आपला धंदा पाहिजेच होता, पण त्यांना कट करायची गरज पडली नाही, घटनाच एकामागून एक तशा घडल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि एकदम हिंदुस्थानचा कापूस सोन्याच्या भावाने जायला लागला. गोदावरीच्या कामाला सगळ्यात जास्त जोर याच दिवसांत होता. पण काम जंगलात, तापाने मजूर आजारी पडायचे, वस्ती विरळ म्हणून माणसं बाहेरून आणावी लागायची, आणि पुराच्या महिन्यात काम बंद. म्हणजे वर्षातले मोजके महिनेच हातात. इकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १ जानेवारी १८६५ ला कसारा-इगतपुरीचा थळ घाट खुला केला, आणि १८६७ ला लाईन भुसावळ, बडनेरा, वर्धा करत नागपूरला पोचली. म्हणजे जो कापूस बोटीने पूर्वेला जायचा होता तो आपल्या नाशिकरोडवरून मुंबईला जायला लागला, डिसेंबरमध्ये निघाला तर डिसेंबरमध्येच पोचला. रेल्वेने नदीला भाड्यात हरवलं का यावर त्या काळी बराच वाद झाला आणि कॉटन शेवटपर्यंत म्हणत राहिला की पाण्यावरची वाहतूक स्वस्त. स्वस्त असेलही. पण वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला स्वस्तापेक्षा वेळेवर पाहिजे होतं, आणि ते रेल्वेने दिलं.

त्यात १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले, मुंबईत तर बँका बुडाल्या. १८६९ ला सुएझ कालवा सुरू झाला आणि विलायतेला जाणारा माल मुंबईहून निघणं आणखी सोयीचं झालं, काकीनाडा पूर्व किनाऱ्यावर, तिथून जायचं तर सगळं द्वीपकल्प वळसा घालून. म्हणजे काम सुरू करताना जी कारणं होती त्यातलं एकेक कारण दहा वर्षांत निघून गेलं.

आणि पैसा. रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती, तोटा झाला तरी भागधारकाला पाच टक्के मिळणारच, तो पैसा शेवटी इथल्या महसुलातून जायचा. गोदावरीचं काम सरकारी खर्चाने होत होतं, त्याला अशी हमी नाही, दरवर्षी बजेटमध्ये मागायचं. १८६९-७० ला सरकारी तिजोरी अडचणीत आली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने बांधकामावरचा खर्च कापायला सुरुवात केली, आणि अशा वेळी कापलं काय जातं हे खात्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहितीय. ज्याला करार आहे ते चालू राहतं, ज्याला दरवर्षी मंजुरी लागते ते थांबतं. १८७१ ला काम थांबवायचा हुकूम आला. दुम्मुगुडेमचं काम बरंच पुढे गेलेलं, वरच्या अडथळ्यांवरचं अर्धवट. १८७४ ला तो अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला, सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडलं आणि भद्राचलमकडचा भाग मद्रासकडे गेला. याबद्दल मला राग येतो तो इतकाच की ज्या लोकांच्या जंगलातून हे सगळं गेलं, कोया आणि गोंड, त्यांना ना बोट मिळाली ना पाणी, आणि त्यांच्या हाताने उचललेले दगड आजही तिथेच आहेत.

मग योजना मुळात चुकीची होती का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे असं मी मानतो. घाटातली लाईन आणखी पंधरा वर्षं रखडली असती तर दुम्मुगुडेम आणि इंचमपल्ली पूर्ण होऊन निदान पावसाळी वाहतूक चालली असती, मीठ, धान्य, लाकूड यांची, आणि सिरोंचा आज वेगळं गाव असतं. वर साठे झाले असते तर कदाचित कापूसही गेला असता. पण त्या वेळच्या पैशात, त्या वेळच्या यंत्रांत आणि रेल्वे समोर असताना, दोन्ही टोकांना माल आणि मधल्या सहा महिन्यांत पाणी नाही, हे गणित सुटणारं नव्हतं. मद्रासकडेच कर्नूल-कडप्पा कालवा एका खाजगी कंपनीने याच काळात काढला, त्यातही सिंचन आणि बोटी दोन्ही करायचं होतं, आणि शेवटी १८८२ मध्ये सरकारला तो विकत घ्यावा लागला. त्यामुळे एकट्या हेगला किंवा एकट्या रेल्वेला दोष देणं मला पटत नाही.

आता नांदूरमध्यमेश्वर. तिथे गोदावरी-कादवेच्या संगमावरचा जो बंधारा आहे तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तो सिंचनासाठी बांधलेला. तिथून गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा निघतो, निफाड, कोपरगाव, राहाता भागाला पाणी जातं, आणि त्याला भरणा देण्यासाठी वर १९१६ ला दारणा धरण झालं. या पाण्यावर तो सगळा उसाचा पट्टा उभा राहिला, आणि साचलेल्या गाळामुळे झालेल्या पाणथळीमुळे पक्षी आले, २०२० च्या सुरुवातीला तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असा दर्जा, जाहीर झाला, महाराष्ट्रातली पहिली. त्यात बोटींचा काही संबंध नाही. तुम्ही पाहिलेले दरवाजे बहुतेक हेड रेग्युलेटरचे, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी पाणी कमी-जास्त सोडायच्या दरवाज्यांचे असणार.

पण तुम्ही पुढे कुठेही जुना कालवा पाहिलात तर तो बोटीचा का सिंचनाचा हे तुम्हाला स्वतःला ओळखता यायला पाहिजे म्हणून काय बघायचं ते सांगतो. सिंचनाच्या कालव्याला ठराविक अंतरावर बाजूला फुटे असतात, तिथून शेताकडे जाणाऱ्या चाऱ्या निघतात, आणि कालवा पुढे जाईल तसा अरुंद होत जातो कारण पाणी वाटून कमी होतं. बोटीचा कालवा शेवटपर्यंत एकाच रुंदीचा राहतो. सिंचनाच्या कालव्यात लेव्हल उतरवायची असेल तर नुसती पायरी, म्हणजे धबधबा करून टाकतात, बोटीच्या कालव्यात तिथे हौद असतो. हौद शोधताना भिंतीकडे नीट बघा. दरवाजा उघडल्यावर तो भिंतीत सामावून जावा म्हणून भिंतीला दरवाज्याएवढा उथळ कोनाडा ठेवलेला असतो, आणि त्या कोनाड्याच्या एका टोकाला वरपासून खालपर्यंत दगडात अर्धगोल खाच कोरलेली असते, ज्यात दरवाज्याचा उभा लाकडी खांब फिरतो. ती खाच हाताने चाचपली की गुळगुळीत लागते, बाकी भिंतीचा दगड खरबरीत. हेड रेग्युलेटरला अशी खाच कधीच नसते, तिथे दरवाजा वर-खाली सरकतो म्हणून सरळ उभे खोबणीचे गाळे असतात. शिवाय बोटींच्या दोरांनी कठड्याच्या कोपऱ्यावर पडलेल्या घळया, आणि बोट बांधायचे दगडी किंवा लोखंडी खुंट. यातलं काहीही नांदूरला नाहीये. धवळेश्वरमच्या कालव्यांवर हे सगळं नीट बघायला मिळतं, आणि तिथे कॉटनच्या नावाचं म्युझियमही आहे. जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९८२ ला पूर्ण झालेला नवा बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा आहे, पण कालवे जुन्याच रेषेवर चालतात.

बागलाण-कळवणकडे मोसम, गिरणा या नद्यांवर काही छोटे दगडी बंधारे आहेत, तेही लोक ब्रिटिशांचे म्हणून सांगतात. ते फड पद्धतीचे, इंग्रजांच्या कितीतरी आधीचे, गावाने बांधलेले आणि गावानेच सांभाळलेले. ती वेगळी आणि फार मोठी गोष्ट आहे, त्यावर वेगळं विचारा, आनंदाने सांगेन.

शेवटचा प्रश्न, २०१६ चा कायदा. कायद्यात नाव आलं म्हणजे बोट येणार असं नाही. त्या कायद्याने देशभरातल्या शंभरावर नद्या-खाड्यांना राष्ट्रीय जलमार्ग केलं, त्यातल्या किती चालण्यासारख्या आहेत हे नंतर तपासायचं असतं. खालचा, भद्राचलम ते राजमहेंद्री हा १७१ किलोमीटरचा पट्टा २००८ लाच जाहीर झालेला, आणि तो पट्टा खरंच बोटीचा आहे. नाशिकपर्यंतच्या वरच्या पट्ट्याबद्दल साधा हिशोब करा. नाशिक समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. एका लॉकने तीन मीटर चढायचं धरलं तर १८० च्या वर लॉक लागतील, आणि एका लॉकला वीस मिनिटं धरली तरी ६० तास फक्त हौद भरण्या-रिकामे करण्यात. वाटेत जायकवाडीसारखं धरण, ज्यात बोट वर चढवायची सोय ठेवलेली नाही, आणि तशी धरणं-बंधारे पुढेही आहेत. आणि पाणी? राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर समन्यायी, म्हणजे वरच्या-खालच्या भागांना सारख्या न्यायाने, वाटपात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं यावर दर दुष्काळात कोर्टात जावं लागतं, पिण्याचं आणि शेतीचं पाणी पुरत नसताना बोट तरंगावी म्हणून नदीत दोन मीटर पाणी बारा महिने कोण ठेवणार, आणि का ठेवावं. शिवाय आवर्तन बंद असलं की कालवा कोरडा असतो, गाळ काढायला कोरडा ठेवावाच लागतो, हे कालव्यावर काम केलेला कुठलाही पाटकरी सांगेल. रामकुंड किंवा गंगापूरच्या बॅकवॉटरला फिरायच्या बोटी ही वेगळी गोष्ट. मालवाहतूक नाशिकपर्यंत येईल असं मला दिसत नाही, आणि त्यासाठी पैसा मागितला तर मी त्याच्या विरोधात असेन.

सिरोंचाकडचं मात्र बंद झालेलं नाही. इंचमपल्लीला मोठं धरण करायचा विषय कित्येक दशकं चालू आहे, नदीजोड प्रकल्पातही तीच जागा आहे. सिरोंचाच्या थोडं खाली मेडिगड्डा बॅरेज २०१९ ला सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. दुम्मुगुडेमजवळ नवा बॅरेज चाललाय. म्हणजे १८६० च्या दशकात जिथे इंजिनियर मंडळी खडकाशी झगडत होती त्याच तीन-चार जागांभोवती आजही काम चालू आहे, फक्त आता उद्देश पाणी उचलायचा आहे.

जायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. पाणी उतरलेलं असतं आणि कातळ उघडा दिसतो, तेव्हाच कळतं की बोट इथून का जात नव्हती. नागपूरहून चंद्रपूर, आलापल्ली करत सिरोंचा, तिथून पुढे पूल ओलांडून कालेश्वरम आणि मग नदीच्या कडेकडेने भद्राचलम-दुम्मुगुडेम. सिरोंचा भागात जाण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करून जा, आणि बंधाऱ्यांवर फोटो काढायची परवानगी तिथल्या खात्याकडे विचारा, काही ठिकाणी मनाई आहे. आणि नांदूरच्या ज्या दगडी कामाबद्दल तुम्ही विचारलंत त्याचे दोन फोटो टाका, एक दरवाज्याच्या खोबणीचा जवळून आणि एक कालवा जिथून सुरू होतो तिथला, म्हणजे तो नेमका कुठला भाग आहे ते सांगता येईल.